जुना आरसी ट्रक: ठेवायचा की विकायचा?

माळा आवरताना किंवा घर बदलताना एखादा जुना रिमोटचा ट्रक हाती लागतो. मोठी चाकं, धुळीनं माखलेली बॉडी, सोबत एका खोक्यात रिमोट आणि कशाच्या आहेत ते न कळणाऱ्या दोन-तीन वायरी. घरातले म्हणतात, भंगारात घाल. इकडं ऑनलाइन तसाच ट्रक कुणीतरी वीस हजाराला लावलेला दिसतो आणि आपण अडकतो. या छंदात नवीन असाल, तर पुढं काय करायचं ते क्रमानं सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रक किती जुना आहे, केवढ्याला घेतला होता, यावर काही ठरवू नका. त्याचे सुटे भाग आज मिळतात का आणि जे मिळत नाहीत ते बनवून घेता येतात का, एवढं बघा. दुसऱ्या प्रश्नात कोल्हापूरकरांचं बरं आहे. इथं लेथ आणि फाउंड्रीचा तोटा नाही. पण लेथवर सगळं होत नाही, आणि नेमकं काय होत नाही तिथंच निर्णय येऊन थांबतो.

आधी ओळख पटवा

ट्रक उलटा करा आणि बॉडीच्या पिना काढून आत बघा. आत एकच सर्किट बोर्ड असेल, मोटरच्या वायरी थेट त्यालाच डकवलेल्या असतील आणि स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडं नाहीतर पूर्ण उजवीकडं जात असेल, तर ते खेळणं आहे. त्यात वाईट काही नाही, पण बोर्ड गेला की गाडी गेली. अशा ट्रकसाठी हा लेख पुढं वाचायची गरज नाही. चालत असेल तर शेजारच्या पोराला द्या, त्याची सुट्टी मजेत जाईल.

आत रिसीव्हर वेगळा, स्टिअरिंगचा सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर वेगळी, मोटरला जाणारा ईएससी म्हणजे स्पीड कंट्रोलर वेगळा आणि हे सगळे तीन-तीन वायरींच्या प्लगनं जोडलेले, असं दिसलं तर तो हॉबी दर्जाचा ट्रक. यातला एकेक भाग बदलता येतो. ईएससीच्या जागी सर्व्होनं सरकणारी यांत्रिक पट्टी आणि तापणारा रेझिस्टर दिसला, तर ट्रक बहुधा ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या घडणीचा आहे.

आता कंपनी आणि मॉडेल. भारतात जुन्या ट्रकमध्ये दोन नावं जास्त भेटतात. जपानची तामिया आणि अमेरिकेची ट्रॅक्सस. तामियाचे लंच बॉक्स आणि क्लॉड बस्टर हे दोन्ही १९८७ चे. क्लॉड बस्टरला दोन मोटरी असतात आणि चारही चाकं वळतात, त्यामुळं तो लगेच ओळखू येतो. इथं नवखा माणूस हमखास फसतो. चॅसिसच्या पोटावर '१९८७' असं उठवलेलं दिसलं की त्याला वाटतं, अस्सल जुना माल सापडला. ते साल साच्याचं असतं. तामियानं हे ट्रक नंतर पुन्हा बाजारात आणले, लंच बॉक्स २००५ मध्ये, आणि साचा जुनाच वापरला की आकडाही जुनाच उठतो. खरं वय खोक्यावरून, मॅन्युअलवरून आणि सोबतच्या इलेक्ट्रॉनिक्सवरून ठरवा. पुन्हा काढलेलं मॉडेल म्हणजे संग्राहकांच्या दृष्टीनं किंमत कमी, पण चालवणाऱ्याच्या दृष्टीनं चांदीच, कारण सुटे भाग नव्यानं बनलेले असतात.

ट्रॅक्ससचं गणित वेगळं. त्यांचा स्लॅश २००८ मध्ये आला आणि टू-व्हील ड्राइव्ह स्लॅशच्या गिअरबॉक्सचे बरेचसे भाग रस्टलर आणि स्टॅम्पीड या भावंडांनाही बसतात. जुना स्लॅश हाती आला तर भागांची काळजी करू नका. मॉडेलचं नाव कळलं की कंपनीच्या वेबसाइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या. प्रत्येक भागाचा नंबर त्यातल्या आकृतीत असतो. तो नंबर टाकून शोधल्यावर काहीच सापडत नसेल, तर निम्मा निर्णय तिथंच झाला.

कोल्हापुरातला खास प्रश्न

ट्रक दुसऱ्याकडून आला असेल तर एक गोष्ट तोंडावर विचारा: पुराच्या पाण्यात होता का? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीसारख्या भागात शिरलं होतं आणि खालच्या मजल्यावरचं बरंच सामान बुडालं. असं सामान वाळवून, पुसून पुढं कुणाकडं तरी जातंच. पावसात भिजणं वेगळं आणि पुरात बुडणं वेगळं. पुराच्या पाण्याबरोबर बारीक गाळ आत जातो. तो बेअरिंगमध्ये, मोटरच्या आत, गिअरबॉक्सच्या ग्रीसमध्ये बसतो. वरून ट्रक चकाचक दिसतो. एक चाक काढा आणि आतलं बेअरिंग बोटावर फिरवा. खरखर लागली, किंवा रिसीव्हरच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर इलेक्ट्रॉनिक्स शून्य रुपयांचं धरून पुढचा हिशेब करा.

चार्जरला हात लावण्याआधी

ट्रक सापडला की पहिली इच्छा होते बॅटरी लावून बघायची. थांबा. जुन्या बॅटऱ्या दोन जातीच्या. पहिली निकेलची, सहा सेलची, ७.२ व्होल्ट, गोल सेल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. टोकाला पांढरी भुकटी आली असेल तर ती गेली. नसेल तर हळू चार्ज करून बघायला हरकत नाही, फार काळ टिकेल अशी आशा मात्र ठेवू नका.

दुसरी लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर. इथं चेष्टा नको. पिशवीसारखी फुगलेली लायपो चार्ज करायची नाही, दाबून सपाट करायची नाही आणि टोचायची तर नाहीच. फुगलेली नसली तरी मल्टिमीटर लावून बघा. सेलला ३.७ व्होल्ट हा नेहमीचा आकडा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. कित्येक वर्षं पडून तीनच्या खाली गेलेला सेल जिवंत करायच्या युक्त्या व्हिडिओत खूप दिसतात. त्या घरात करू नका. वाया गेलेली बॅटरी घंटागाडीत किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडं द्या.

आणखी एक गोष्ट, ती बरेच जण विसरतात. जुन्या ईएससीला लायपोचं व्होल्टेज खाली गेल्यावर थांबायची सोय नसते. निकेलसाठी बनलेल्या ट्रकला नवी लायपो जोडली तर तो सेल मरेपर्यंत पळत राहील. तपासणीपुरती साधी निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घ्या, ती स्वस्तही पडते.

चाकं वर ठेवून तपासणी

आधी हातानं. कोरड्या ब्रशनं धूळ काढा. पाण्याचा पाइप मारू नका. रॉकेल तर बॉडीच्या जवळही नेऊ नका, पॉलिकार्बोनेटला तडे जातात. मागचं एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट दिशेनं फिरलं तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, ठीक आहे. फिरवताना मध्येच कट् असा आवाज होऊन हिसका बसला, तर एखादा दात तुटलाय. स्पर गिअरचं, म्हणजे मोटरच्या गिअरला लागलेल्या मोठ्या दातेरी चाकाचं, झाकण काढून दात भिंगातून बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालतं. चांगल्या दाताचा माथा थोडा सपाट असतो. झिजलेला दात माशाच्या परासारखा टोकदार होतो.

मग रबर. टायरची कड अंगठ्यानं दुमडा, बारीक भेगा उघडतात का बघा. ट्रक वर्षानुवर्षं चाकांवर उभा असेल तर आतला फोम एका बाजूला बसलेला असतो, चाक फिरवल्यावर ते लगेच दिसतं. शॉक, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, दाबा. तेल गळून गेलं असेल तर नुसती स्प्रिंग उडते, दाबताना ओढ लागत नाही. ही सगळी किरकोळ कामं आहेत, घाबरू नका. शॉकमध्ये घरातलं इंजिन ऑइल मात्र भरू नका, ओ-रिंग फुगतात. सिलिकॉनचं शॉक ऑइलच हवं.

स्क्रू उघडताना सांभाळा. तामियाचे क्रॉस स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही आणि जोर दिला की डोकं खाऊन टाकतो. जपानी टोकाचा पेचकस मागवायचा तर ट्रक उघडायच्या आधी मागवा. ट्रॅक्ससला बहुतेक ठिकाणी अॅलन की लागते, मिलिमीटर मापाची.

आता वीज. ट्रक एका विटेवर असा ठेवा की चारही चाकं हवेत राहतील. आधी रिमोट चालू करा, मग ट्रक. बंद करताना उलट, आधी ट्रक आणि मग रिमोट. हा क्रम चुकला आणि ट्रकला रिमोटचा सिग्नल नसला, तर काही जुने संच स्वतःहून पूर्ण वेगात सुटतात. स्टिअरिंग सावकाश फिरवा. सर्व्हो थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. मोटर चालवून जळका वास येतो का, कम्युटेटरजवळ फार ठिणग्या दिसतात का, ते बघा. थोड्या ठिणग्या ब्रश असलेल्या मोटरला असतातच.

रिमोटला लांब टेलिस्कोपिक अँटेना असेल आणि आत क्रिस्टल असेल तर तो बहुधा २७ मेगाहर्ट्झचा जुना संच असणार. चालत असेल तर चांगलं, पण त्यावर पैसे घालू नका. २.४ गिगाहर्ट्झचा साधा दोन चॅनेलचा रिमोट आणि रिसीव्हर घेतला की हा विषय संपतो. हॉबी दर्जाच्या ट्रकमध्ये ही अदलाबदल नवख्यालाही जमते, फक्त प्लग काढून प्लग लावायचे असतात.

शेवटी मोकळ्या जागेत पाच मिनिटं चालवा. मेरी वेदर मैदान मोकळं असेल तर तिथं, नाहीतर कॉलनीतल्या बंद रस्त्यावर. गांधी मैदानाचा विचार असेल तर पावसाळ्यात तो सोडा, तिथं पाणी साचतं आणि जुनं इलेक्ट्रॉनिक्स पाण्यासाठी बनलेलं नसतं. स्लॅशसारखा ट्रक ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पळू शकतो आणि त्याचं वजन दोन किलोच्या वर असतं. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या मधून तो नेऊ नका. थांबल्यावर मोटरवर बोट टेकवा. दोन-तीन सेकंदही ठेवता येत नसेल, तर गिअर घट्ट बसलेत किंवा मोटर थकली आहे.

उद्यमनगरात काय होतं, काय होत नाही

इथं जरा सविस्तर बोलतो, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचा सल्ला इथं पूर्ण लागू पडत नाही. ते म्हणतात, भाग मिळत नसेल तर विकून टाक. आपल्याकडं शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात धातूचं काम करणारी माणसं पावलोपावली आहेत. पितळी बुश, अॅक्सलची पिन, चाक बसवायचा बारा मिलिमीटरचा हेक्स, मोटर धरणारी अॅल्युमिनियमची पट्टी ही त्यांच्या लेखी किरकोळ कामं. अडचण एवढीच की त्यांच्याकडं मोठ्या ऑर्डरची कामं असतात, तुमचा एक नग मध्ये घ्यायला वेळ नसतो. म्हणून तुटलेला भाग आणि त्याचा धड असलेला जोडीदार असे दोन्ही घेऊन जा. कागदावर माप लिहून जा, शक्य असेल तर व्हर्नियरनं घेतलेलं. दुपारी जेवणानंतर जा. "भावा, हे खेळण्याचं हाय काय?" असा प्रश्न येणार, तो हसून घ्या. काम मात्र चोख होतं.

बेअरिंगसाठी तर हॉबीच्या दुकानाचीही गरज नाही. या ट्रकमध्ये ५ × ११ × ४ मिलिमीटर हे माप फार चालतं आणि बेअरिंगच्या बाजारात त्याला एमआर ११५ म्हणतात. जुन्या तामियात प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश असतात. माप जुळलं तर त्याजागी ही बेअरिंग टाका. जुन्या ट्रकवर करायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जाणवणारा खर्च हाच.

आता जे होत नाही ते. प्लास्टिकचा स्पर गिअर आणि गिअरबॉक्सच्या आतले बारीक दाते लेथवर होत नाहीत. दाते पाडायला त्या मापाचा हॉब, म्हणजे दाते कापायचं हत्यार, लागतो आणि इतक्या लहान मोड्यूलचा, म्हणजे दाताच्या मापाचा, हॉब सहसा कुणाकडं नसतो. शिवाय इथं मापांचाही गोंधळ आहे. अमेरिकी ट्रकमध्ये दाताचं माप ४८ पिच किंवा ३२ पिच, जपानी ट्रकमध्ये ०.६ किंवा ०.८ मोड्यूल. ३२ पिच म्हणजे जवळपास ०.८ मोड्यूलच, ते एकमेकांवर चालून जातं. ४८ पिच मात्र ०.५३ मोड्यूलच्या आसपास येतो, त्याच्यावर ०.६ चा पिनियन, म्हणजे मोटरवरचा लहान गिअर, लावला तर बसल्यासारखा वाटतो आणि दोन दिवसांत दाते खातो. पिनियन बदलताना स्पर सोबत न्या.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल पोरं लगेच सुचवतील. बॉडीचे खांब, बॅटरीचा ट्रे, अँटेनाचा होल्डर यांना ते उत्तम. सस्पेन्शनचा हात पीएलए या नेहमीच्या छपाईच्या प्लास्टिकमध्ये छापला तर पहिल्याच उडीत मोडेल आणि एप्रिलच्या उन्हात बंद मोटारीत राहिला तर वाकेल. नायलॉनमध्ये छापून देणारा कुणी सापडला तर विचार करा. मूळचे नायलॉनचे हात वाळून ठिसूळ झाले असतील, पण मोडले नसतील, तर थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवा. नायलॉन ओलावा शोषतं आणि पुन्हा चिवट होतं.

तेव्हा नियम असा. मोडलेला भाग धातूचा असेल तर ट्रक ठेवण्याजोगा आहे. मोडलेला भाग प्लास्टिकचा दाता असेल आणि तो भाग आता बनत नसेल, तर विका.

नायट्रो असेल तर

इंधनाची टाकी, सायलेन्सर, दोरी ओढून चालू व्हायचं इंजिन असं काही असेल, तर तो नायट्रो. ट्रॅक्ससचा १९९९ चा टी-मॅक्स यातला प्रसिद्ध. नायट्रोमेथेनचं इंधन आपल्याकडं मिळवायची कटकट, आत राहिलेल्या जुन्या इंधनानं गंजलेलं बेअरिंग आणि शेजाऱ्यांची तक्रार, एवढं सगळं सोसायची हौस असेल तरच ठेवा. नवख्यानं नायट्रोपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्लो प्लग, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचा प्लग, काढून इंजिनात दोन थेंब पातळ तेल टाका, फ्लायव्हील बोटानं फिरवा. फिरत असेल तर "इंजिन मोकळं आहे" असं जाहिरातीत लिहा आणि विका.

हिशेब

एका कागदावर तीन आकडे मांडा. आहे तसा विकला तर किती येतील, चालू करायला किती लागतील आणि चालू करून विकला तर किती येतील. समजा, आहे तसा चार हजार, दुरुस्ती तीन हजार, चालू स्थितीत नऊ हजार. मग दुरुस्त करा, ठेवायचा की विकायचा ते नंतर बघू, कारण चालता ट्रक दोन्हीकडून फायद्याचा. दुरुस्ती चालू स्थितीतल्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली, तर तसाच विका. विक्रीचे आकडे जाहिरातीतल्या किमतीवरून घेऊ नका. जी जाहिरात तीन महिने तशीच पडून आहे, तिची किंमत ही फक्त मालकाची इच्छा असते.

"तेवढ्यात नवाच येईल" असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. रिमोटच्या गाड्या बहुधा याच वर्गात धरल्या जातात. परदेशी वेबसाइटवरचा आकडा रुपयांत बदलून जुन्या ट्रकशी तुलना केली तर हिशेब साफ चुकतो.

कागदावर न येणारा एक प्रश्न आहे: तुम्ही तो चालवणार आहात का? पुढच्या महिन्यातले दोन रविवार डोळ्यांसमोर आणा आणि ट्रक घेऊन कुठं जाणार ते सांगा. जागा आणि वेळ सुचली तर ठेवा. "पुढं कधीतरी किंमत येईल" म्हणून ठेवू नका. किंमत येते ती खोक्यासकट, न वापरलेल्या, मोजक्या मॉडेलना. आणि ट्रक काकांनी दुबईहून आणलेला असेल तर विकण्याआधी त्यांना एक फोन करा. दिवाळीला ते "माझी गाडी कुठाय रे?" विचारणारच.

ठेवायचं ठरलं तर

बॅटरी बाहेर काढा. लायपो असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. ट्रक खोक्यावर टेकवा म्हणजे चाकं अधांतरी राहतील आणि फोम बसणार नाही. पत्र्याच्या छताखालचा माळा टाळा, उन्हाळ्यात तिथलं रबर आणि प्लास्टिक लवकर वाळतं. जून ते सप्टेंबर खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बूट किंवा औषधांच्या डब्यातल्या जपून ठेवल्या तरी पुरतात. गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पूर्ण पुसून नवं भरा, वरून थापू नका.

विकायचं ठरलं तर

स्वच्छ करा, पण रंगवू नका. ताजा रंग बघून घेणारा विचार करतो की खाली काय लपवलंय. फोटो दिवसाच्या उजेडात काढा: चारही बाजू, खालचं पोट, उघडा गिअरबॉक्स आणि जे मोडलंय त्याचा जवळून एक. चाकं फिरतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त काम करतो. पुरात बुडालेला असेल तर तसं लिहा. ट्रक मेलेला असेल तर सुटा विकायचा विचार करा. चांगली चाकं, सर्व्हो, न तुटलेली बॉडी यांना वेगवेगळी गिऱ्हाइकं मिळतात, फक्त वेळ जास्त जातो.

गिऱ्हाईक गावातलंच असेल तर वर्दळीच्या जागी दिवसा भेटा आणि चालवून दाखवा. बाहेरगावचं असेल तर पैसे आधी. इथं एक नेहमीची फसवणूक आहे. समोरचा क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की बोलणं बंद.

पार्सल करताना बॉडी वेगळी गुंडाळा, चाकं काढून चॅसिसच्या पोटाशी बांधा, रिमोटचे सेल काढा. लायपो कुरिअरच्या खोक्यात गुपचूप घालू नका, न सांगता पाठवलेली लिथियम बॅटरी विमानाच्या मालात चालत नाही. बॅटरीशिवायचा दर ठरवा, गिऱ्हाइकाला तसं आधी सांगा, आणि खोकं बंद करण्यापूर्वी आतल्या मालाचा एक फोटो त्याला पाठवून द्या.